ताईचा थायरॉईड: दीड वर्ष न सापडलेला डोस

हे प्रकरण माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव गाव टाकत नाही, नुसतं ताई म्हणते. आकडे तिच्या फाईलमधले आहेत, आणि बाकीचं बरंचसं तिच्या वहीतून घेतलंय, कारण ताई शिक्षिका आहे आणि समास आखून लिहायची सवय तिला आजारपणातही सुटली नाही. ही गोष्ट लिहायची एवढ्याचसाठी की नोव्हेंबर २०२२ ते जून २०२४ या काळात तिच्या गोळीचा डोस सहा वेळा बदलला, आणि त्यातले निम्मे बदल झालेच नसते जर कुणीतरी सुरुवातीलाच विचारलं असतं की बाई, गोळी नेमकी कशी घेता, कशाबरोबर घेता. एक आधीच सांगते, यातले डोस तिचे आहेत, तिच्या वजनाचे आणि तिच्या शरीराचे, कुणी उचलून स्वतःला लावू नका.

पार्श्वभूमी

२०२२ मध्ये ताई ४६ वर्षांची होती, वजन ६२ किलो. कोकणात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, घरी भावोजी, सासूबाई, एक मुलगा कॉलेजला. घर माळकरी, म्हणजे पूर्ण शाकाहार आणि एकादशी काटेकोर. रोज सकाळी ६.५० ची एसटी पकडायची, ती चुकली की पुढची सव्वाआठची आणि मग हेडमास्तरांचं तोंड बघायचं, त्यामुळे तिच्या सकाळीत पाच मिनिटं पण सैल नसतात. हे एसटीचं मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येतो.

त्रास सुरू झाला तो पावसाळ्यातच झाला असणार, पण आम्हाला कळला दिवाळीला. ती सुट्टीत माझ्याकडे डोंबिवलीला आली होती. ऑक्टोबर हीट चालू, आम्ही सगळे घामाघूम आणि ही पंखा बंद करून शाल घेऊन बसलेली. तोंड सुजल्यासारखं, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झालेल्या, आवाज घोगरा. म्हणाली की वर्गात कविता म्हणायला घेतली की दुसऱ्या कडव्याला आवाज बसतो, मग चौथीच्या मुलीलाच पुढची म्हणायला सांगते. बद्धकोष्ठता तर महिनोन् महिने, पाळी दोन दोन आठवडे चालायची आणि अंगावरून खूप जायचं, जिने चढताना दम, आणि दुपारी शाळेतच खुर्चीत डोळा लागायचा ज्याची तिला भयंकर लाज वाटायची. घरात सगळ्यांनी याला वयाच्या खात्यात टाकलं होतं, पाळी जायचं वय झालं, असं होतंच. थायरॉईडचा विषय सासूबाईंपुढे निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "गळा तर सुजलेला नाही गो तुझा." त्यांच्या पिढीला थायरॉईड म्हणजे गलगंड एवढंच माहिती, आणि ते साहजिक आहे, सरकारचा गलगंड नियंत्रण कार्यक्रमच १९६२ साली सुरू झाला तो मिठातल्या आयोडीनसाठी. पण ताईचा प्रकार आयोडीन कमी पडण्याचा नव्हता.

आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांनी नाडी मोजली, ५६. लगेच रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच ३८.४ (हा मेंदूकडून थायरॉईड ग्रंथीला काम कर म्हणून जाणारा हुकूम, थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वाढतो, जास्त झालं की उतरतो; साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असायला हवा), फ्री टी४ म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन कमी, थायरॉईडविरुद्धची अँटी टीपीओ अँटिबॉडी खूप जास्त, हिमोग्लोबिन ९.८, एलडीएल कोलेस्टेरॉल १७१. निदान हाशिमोतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू काम सोडते. हाशिमोतो हे जपानी डॉक्टरांचं आडनाव, त्यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं. ताईला नाव ऐकून वाटलं की बाहेरून आलेला काहीतरी भयंकर रोग आहे, तिला समजावण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

इथे एक निर्णय चांगला झाला तो नोंदवते. कोलेस्टेरॉलची गोळी लगेच सुरू करायची का असा प्रश्न आला होता, डॉक्टर म्हणाले थांबू, थायरॉईड कमी असला की कोलेस्टेरॉल चढतं, आधी तो जागेवर येऊ दे. ते बरोबर निघालं, नंतर एलडीएल ११८ वर आलं, वेगळी गोळी लागलीच नाही.

अडचण: डोस वाढतोय, टीएसएच हलत नाही

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तेच टी४ गोळीच्या रूपात, ५० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात झाली. पाळीत रक्त जातं म्हणून लोहाची गोळी आणि हाडं दुखतात म्हणून कॅल्शियम. ताई गावी परत गेली आणि पुढचे उपचार तिथल्या डॉक्टरांकडे सुरू झाले. पुढचे आकडे असे, आणि प्रत्येकापुढे तो बघून दिलेला नवा डोस:

जानेवारी २०२३, टीएसएच १९.६, डोस ७५.
मार्च, टीएसएच १४.२, डोस १००.
मे, टीएसएच ११.०, डोस १२५.

आता हे बघताना वाटतं की बरं चाललंय की, उतरतोय. पण हिशोब करून बघा. ज्याची ग्रंथी जवळपास पूर्ण बंद पडलीय त्याला साधारण वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ताईला ६२ गुणिले १.६, साधारण ९९. म्हणजे शंभरवर जाऊन दोन महिने झाल्यावरही टीएसएच ११ असेल तर पहिला संशय डोसवर नाही, गोळी पोटात गेल्यावर तिचं काय होतंय यावर यायला हवा होता. हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण, आणि तो कुणाच्या लक्षातच न येता निघून गेला, कारण दर वेळी समोर फक्त एक आकडा होता आणि आकडा जास्त म्हणजे डोस वाढवा.

खरं काय चाललं होतं? कागदावर तीन गोळ्या होत्या आणि तिन्हींच्या पुढे "सकाळी" लिहिलेलं होतं. थायरॉईडच्या गोळीपुढे "उपाशीपोटी" असंही होतं, ताई म्हणते ते मी पाळत होतेच की, काही खायच्या आधीच घ्यायचे. म्हणजे कसं, तर सव्वासहाला दुधाचा चहा ओतायचा, तो निवेपर्यंत तिन्ही गोळ्या तळहातावर घ्यायच्या, पहिल्या घोटाबरोबर गिळायच्या आणि पळायचं. एका दृष्टीने ती अगदी आज्ञाधारक पेशंट होती, एकही गोळी चुकवली नाही तिने. पण लेव्होथायरॉक्सिन लोहाला आणि कॅल्शियमला आतड्यात चिकटतं, रक्तात जातच नाही धड, तसंच बाहेर पडतं. त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर लागतं. आणि चहा, दूध, नाश्ता यांच्यापासून अर्धा तास तरी, एक तास मिळाला तर उत्तम, गोळी नुसत्या पाण्याबरोबर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही माहिती नव्हतं, मी तिला फोनवर दर वेळी एवढंच विचारायचे की गोळी घेतलीस ना, आणि ती म्हणायची हो गं, घेतली.

गाडी उलट्या बाजूला गेली

जून २०२३ मध्ये हिमोग्लोबिन ११.८ झालं. पाळीचा त्रासही उतरला होता. डॉक्टरांनी लोहाची गोळी बंद केली, कॅल्शियमचा कोर्सही संपला. तिच्या सकाळच्या तळहातावर आता एकच गोळी उरली, १२५ ची, आणि शाळा सुरू झाल्यावर ती चहाही बस स्टँडवर घ्यायला लागली कारण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात सकाळी चूल पेटवायलाच वेळ नव्हता. म्हणजे कुणी न ठरवता गोळी आयुष्यात पहिल्यांदा नीट शोषली जायला लागली. आणि डोस होता शोषली न जाणाऱ्या गोळीचा.

ऑगस्टपर्यंत वजन ५९ झालं. शाळेत सगळ्या बाई म्हणाल्या काय छान बारीक झालीस, काय करतेस. ताईलाही आनंद झाला होता. मग छातीत धडधड सुरू झाली, रात्री दोनदोनला उठून बसायची, दिवसातून तीनचार वेळा पोट साफ. एक प्रसंग तिने वहीत लिहिलाय. फळ्यावर "ऋ" काढत होती, खडू थरथरला आणि अक्षर वेडंवाकडं गेलं. पुसून परत काढलं, परत तसंच. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला बाई तुमचा हात हलतोय. त्या दिवशी ती घाबरली.

पण जिथे दाखवलं तिथे झालं काय, सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाचं कॉलेज, शाळेचं काम, हे सगळं ऐकून टेन्शनचं निदान झालं. ईसीजी काढला, ठोके जलद, १०८, बाकी लय ठीक. झोपेची गोळी मिळाली. महिनाभर ती घेतली. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईला धडधड, थरथर, वजन उतरणं, झोप नाही हे चारही एकदम झालं तर पहिली तपासणी टीएसएचचीच व्हायला हवी, ही गोष्ट मला आज इतकी उघड वाटते, पण तेव्हा आम्हालाही "टेन्शन" पटलं होतं कारण टेन्शन खरंच होतं. शेवटी सप्टेंबरमध्ये मीच हट्ट धरला, टीएसएच ०.०३ आला.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण. जास्त डोस असाच चालू ठेवला असता तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि पाळी जाण्याच्या वयात हाडं ठिसूळ होण्याचा धोका, म्हणून कमी करणं भागच होतं. पण किती? वजनाच्या हिशोबाने शंभर किंवा त्याच्या थोडं खाली आणून सहा-आठ आठवड्यांनी बघता आलं असतं. त्याऐवजी एकदम ५० वर आणला. मला वाटतं ०.०३ हा आकडा बघून सगळेच दचकले होते, आणि आधी जिला १०० पुरत नव्हते ती बाई आता १२५ ने ओव्हर का झाली हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. आम्हीही नाही.

नोव्हेंबर २०२३, टीएसएच ९.४. परत थंडी, परत शाल, परत दुपारी डोळा लागणं.

केसांची गोळी आणि फसवा रिपोर्ट

या सगळ्या हेलकाव्यात केस प्रचंड गळायला लागले होते. न्हाणीच्या जाळीवर रोज एक पुंजका. नोव्हेंबरचा रिपोर्ट हातात येऊन आठवडाही झाला नव्हता, डोस वाढवायचा की नाही हे ठरायचं होतं, तेवढ्यात तिच्या ओळखीच्या एकीने केसांसाठी बायोटिनची गोळी सांगितली, १०,००० मायक्रोग्रॅमची. माणसाला दिवसाला बायोटिन लागतं तीस-चाळीस मायक्रोग्रॅम, हे प्रमाण मनात ठेवा. व्हिटॅमिनच तर आहे, म्हणून तिने डॉक्टरांना सांगितलं नाही, मलाही नाही. दिवाळीनंतर सासूबाईंच्या मागे धावण्यात डॉक्टरांकडे जाणंच लांबलं, ५० वरच राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये रक्त दिलं. रिपोर्ट: टीएसएच ०.६, फ्री टी४ वरच्या मर्यादेच्याही थोडा पुढे. कागद म्हणतोय की डोस पुरतोय, उलट जरा जास्तच होतोय. आणि माणूस? नाडी ५८, बद्धकोष्ठता, डोळ्याखाली सूज, स्वेटर घालून फोनवर बोलतेय आणि वाक्य संपवायला वेळ लागतोय तिला. गावच्या डॉक्टरांनी कागदाप्रमाणे डोस ५० वरून २५ वर आणायचं सुचवलं.

ताई त्या दिवशी फोनवर रडली. म्हणाली, "अगं, मी खोटं बोलतेय असं वाटायला लागलंय मला." तिथे मी ठरवलं की आता हार्मोनच्या डॉक्टरांकडेच न्यायचं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मग पुण्याला जावं लागलं तरी चालेल. आणि २५ सुरू करायची नाही, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ५० तशीच चालू ठेवायची. हा निर्णय आम्ही घरात बसून घेतला याची मला तेव्हा खूप धास्ती होती, म्हणून फोन करून डोंबिवलीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, ते म्हणाले आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही, ही गोळी शरीरात साधारण आठवड्याने निम्मी होते, इतकी हळू चालते.

पर्यायांचा विचार

पुण्याच्या डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधी सांगितलं, "बाई, पर्स रिकामी करा टेबलावर. जे जे गिळता ते सगळं." ताईने आधी थायरॉईडची गोळी काढली. ती सात खान्यांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत होती, मूळ बाटली नाही, आणि डबी एरवी कुठे असते विचारल्यावर म्हणाली गॅसच्या वरच्या फळीवर, म्हणजे दिसते. कोकणातला पावसाळा, वर शेगडीची धग आणि वाफ. मग झोपेच्या उरलेल्या गोळ्या. मग अॅसिडिटीची एक, जी ती हवी तेव्हा घ्यायची. आणि सगळ्यात शेवटी, जरा ओशाळून, केसांची.

डॉक्टरांनी बायोटिनची पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं रक्त दिलं त्या दिवशी सकाळी ही घेतली होती का. घेतली होती, तासाभरापूर्वीच. मग त्यांनी समजावलं की बऱ्याच लॅबमध्ये टीएसएच मोजायच्या पद्धतीतच बायोटिनची साखळी वापरलेली असते, रक्तात बाहेरून ढीगभर बायोटिन आलं की मोजणी गंडते, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी४ खोटा जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. गोळी निदान दोन दिवस आधी बंद करायची असते, इतक्या मोठ्या डोसला त्यांनी आठवडा सांगितला. आठवड्याने त्याच लॅबमध्ये परत तपासणी, टीएसएच ८.९. म्हणजे ताई खोटं बोलत नव्हती, कागद चुकत होता. २५ ची गोळी सुरू झाली असती तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो.

मग समोर पर्याय असे होते.

एक, थेट १०० वर जायचं, वजनाच्या हिशोबाने. पण आत्ताच ०.०३ होऊन गेलेलं, धडधडीची भीती ताईच्या मनात पक्की, आणि पहिल्यांदाच गोळी नीट घेतली जाणार म्हणून डॉक्टर म्हणाले पायरीने जाऊ.

दोन, गोळी रात्री घ्यायची. हे खरं तर चांगलं चालतं बऱ्याच जणांना, जेवणानंतर तीन तासांनी. ताईकडे जेवण साडेनऊला आणि दहाला झोप. नाही जमणार, आणि जमेल असं म्हणून घरी न पाळण्यापेक्षा तिथेच नाही म्हणाली हे मला फार आवडलं.

तीन, टी३ म्हणजे थायरॉईडचं दुसरं हार्मोन, त्याची गोळी जोडायची. तिच्या सहकारी बाईंची परदेशातली भाची दोन्ही घेते म्हणे आणि तिला फार बरं वाटतं. डॉक्टरांनी झटकून टाकलं नाही, पण म्हणाले टी३ लवकर चढतं लवकर उतरतं, धडधड वाढू शकते, आणि ज्या बाईला अजून टी४ च एकदा नीट पोहोचलेलं नाही तिला दुसरं औषध जोडण्यात अर्थ नाही.

चार, व्हॉट्सअॅपवरचं. कोबी, फ्लॉवर, शेंगदाणे बंद, साध्या मिठाऐवजी सैंधव. ताईने हे वर्षभर केलं होतं. डॉक्टर म्हणाले शिजवलेला कोबी रोजच्या भाजीएवढा खाल्ला तर काही होत नाही, आणि मीठ आयोडीनचंच वापरा, सगळ्या घराने सैंधवावर जायची गरज नाही. सोयाबीन खायचं तर गोळीपासून लांब. शाकाहारी माणसाची भाज्यांची यादी आणखी छोटी करून काय मिळवलं आम्ही, उपासाच्या दिवशी तर ती नुसत्या वरीच्या तांदळावर राहायची.

काय केलं

डोस ७५. पण त्याआधी गोळी घेण्याची सगळी मांडणी बदलली, ती ताईने स्वतः बसवली. बाटली मूळचीच, झाकण घट्ट, झोपायच्या खोलीत कपाटात, गॅसपासून लांब. उशाशी तांब्याभांडं. सव्वापाचला गजर वाजला की डोळे चोळत आधी गोळी आणि भांडंभर पाणी, मग उठायचं, पाणी तापवायचं, आंघोळ, पूजा, आणि चहा सव्वासहाला. तिच्या दिवसात एक तास आधीपासूनच होता, फक्त गोळी त्याच्या चुकीच्या टोकाला होती. कॅल्शियम परत लागलं ते रात्रीच्या जेवणानंतर. एकादशी असो की हरतालिका, गोळी चुकवायची नाही, पाण्याबरोबरची गोळी उपास मोडत नाही हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं आणि त्यामुळे तो विषय एका मिनिटात संपला. चुकून राहिलीच एखाद्या दिवशी तर घाबरायचं नाही, आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्यायची.

दुकानात दर वेळी त्याच कंपनीची गोळी मागायची असंही ठरलं. सगळ्या कंपन्यांत औषध तेच, पण या गोळीत थोडासा फरकही टीएसएचमध्ये दिसू शकतो, मग आकडा हलला तर कारण शोधायला एक गोष्ट कमी. रक्त द्यायचं ते सकाळी त्याच सुमाराला, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, त्याच लॅबमध्ये.

वहीत पाच रकाने आखले: तारीख, गोळीची वेळ, नाडी, पोट, आणि "दुपारी झोप आली का". रोज एक ओळ. आणि सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोसला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. हे सगळ्यात अवघड गेलं. तिसऱ्या आठवड्यात ताई म्हणाली काहीच फरक नाही, वाढवून मागू का. थांबली.

मार्च २०२४, टीएसएच ५.१. डोस ८८ केला. इथे १०० चा मोह होता, पण ८८ ची गोळी मिळते हेच आम्हाला तोवर माहिती नव्हतं, आमच्या डोक्यात पंचवीस पंचवीसच्याच पायऱ्या होत्या. मेमध्ये २.४, जूनमध्ये खात्रीसाठी परत, २.२. तेव्हापासून ८८ वरच आहे.

परिणाम

आवाज परत आला, हे मी सगळ्यात आधी लिहीन. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने अख्खी कविता म्हटली आणि मला फोन करून सांगितलं. पोट, थंडी, सूज हे एप्रिलपर्यंत गेलं. वजन ६१ वर स्थिर आहे, पूर्वीसारखं ५६ होईल ही आशा आम्ही सोडली, सगळं वजन थायरॉईडच्या माथी मारता येत नाही.

पण थकवा पूर्ण गेला नाही. टीएसएच २.२ आणि तरी संध्याकाळी पाय ओढत घरी. पुन्हा तीच वेळ आली होती की डोस थोडा वाढवून बघूया. यावेळी आधी बाकीचं तपासलं, बी१२ १६८ निघालं, म्हणजे बरंच कमी. पूर्ण शाकाहारी माणसात हे सर्रास दिसतं, आणि हाशिमोतो असलेल्यांमध्ये ते शोषण्याचाही दोष असू शकतो. इंजेक्शनं घेतली, दोन महिन्यांत फरक पडला. डोस ८८ च राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच कागदावर तीन गोळ्यांपुढे तीन वेगळ्या वेळा घड्याळाप्रमाणे लिहिलेल्या असत्या तर माझ्या अंदाजाने ताई २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत जागेवर आली असती. "सकाळी उपाशीपोटी" या दोन शब्दांचा अर्थ पेशंट काय घेतो हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. पण मी सगळं डॉक्टरांवर टाकणार नाही. गावात एका डॉक्टरकडे सकाळी साठ-सत्तर पेशंट असतात, आणि आम्हीही दर वेळी फक्त ताजा रिपोर्ट घेऊन जायचो, मागचे चार सोबत कधी ठेवले नाहीत. चार आकडे एका कागदावर खालीखाली लिहिलेले असते तर कुणाच्याही डोळ्यात भरलं असतं की डोस दुप्पट झाला आणि टीएसएच अजून ११.

डबी गॅसवर होती त्याचा किती वाटा होता हे सांगता येणार नाही, ते वेगळं काढता येत नाही.

लोह बंद झालं तेव्हा सहा आठवड्यांनी टीएसएच बघायला हवा होता. थायरॉईडच्या गोळीबरोबर कुठलंही औषध सुरू झालं किंवा बंद झालं तरी तिच्या शोषणावर फरक पडू शकतो, अॅसिडिटीच्या गोळ्यासुद्धा यात येतात.

आणि १२५ वरून ५०, हा बदल मी आज मान्य केला नसता, निदान विचारलं असतं की मधलं का नाही.

सध्या

गेल्या वर्षीपासून ताईची पाळी थांबल्यात जमा आहे आणि या ऑगस्टमध्ये तिला अचानक घाम फुटणं, छातीत धडधड, रात्री जाग येणं परत सुरू झालं. अगदी २०२३ सारखंच. भावोजी म्हणाले गोळी जास्त होतेय, चार दिवस बंद ठेव. तिने बंद ठेवली नाही, वही उघडली. नाडी ७२ ते ७८, पोट नेहमीसारखं, वजन तेच, हात स्थिर. घाम येतो तो लाटेसारखा येऊन दोनचार मिनिटांत जातो. तरी रक्त दिलं, सकाळी, गोळीच्या आधी. टीएसएच २.६. डोस तोच ठेवून ती आता त्या घामाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवतेय, पुढच्या मंगळवारी जायचंय, फाईलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवलेत.